‘पित्त झालं असेल’ : प्रीएक्लॅम्पसियाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

सातवा-आठवा महिना म्हणजे आपल्याकडे कौतुकाचे दिवस. डोहाळजेवण होतं, ओटी भरली जाते, पहिलटकरीण माहेरी येते. प्रीएक्लॅम्पसिया हा आजार बहुतेक वेळा याच सुमारास किंवा त्यानंतर डोकं वर काढतो. गरोदरपणाचे वीस आठवडे उलटल्यावर रक्तदाब वाढू लागतो. त्याच्या जोडीने लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू, रक्तातल्या प्लेटलेट्स यांपैकी कशावर तरी परिणाम होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार शंभरातल्या तीन ते आठ गरोदर स्त्रियांना हा आजार होतो. तो आणि त्यातून येणारे झटके यांमुळे जगभरात दरवर्षी सुमारे ४६ हजार माता आणि पाच लाखांच्या आसपास बाळं दगावतात. वेळेवर उपचार मिळाले तर यांतले बहुतेक मृत्यू टळू शकतात.

अडचण वेळेचीच आहे. हा आजार सुरुवातीला जाणवत नाही. जाणवू लागतो तेव्हा त्याची लक्षणं गरोदरपणातल्या रोजच्या कुरबुरींसारखीच दिसतात. मग घरातल्या आणि शेजारपाजारच्या समजुती पुढे येतात. वरवर त्या निरनिराळ्या वाटतात, पण परिणाम एकच होतो : बीपी मोजणं, तपासणी करणं, दवाखाना गाठणं थोडं लांबतं. पुढच्या बाराही गैरसमजांकडे याच नजरेने पाहायला हवं.

गैरसमज १ : मला काहीच त्रास नाही, म्हणजे बीपी वाढलेलं नसणार.

वस्तुस्थिती : वाढलेला रक्तदाब आतून कळत नाही. १५०/१०० बीपी असलेली बाई स्वयंपाक करत असते, ऑफिसला जात असते, हसतखेळत असते. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० झाला आणि किमान चार तासांनी पुन्हा मोजल्यावरही तो तसाच राहिला, की गरोदरपणातला रक्तदाब वाढला असं मानतात. १६०/११० किंवा त्याहून जास्त आकडा आला तर चार तास थांबायचं नसतं. पंधरा मिनिटांत पुन्हा मोजून तो कायम असेल, तर अर्ध्या ते एका तासात औषध सुरू व्हायला हवं, कारण तेवढ्या दाबाने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

म्हणूनच प्रत्येक तपासणीत बीपी आणि लघवी पाहिलीच पाहिजे. ‘मागच्या वेळी नॉर्मल होतं’ हे आजच्या बीपीचं उत्तर नव्हे. सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. त्या दिवशी माता-बाल संरक्षण कार्डावर बीपीची नोंद झाली की नाही, हे स्वतः वाचून पाहावं.

गैरसमज २ : पाय तर सगळ्यांचेच सुजतात.

वस्तुस्थिती : हे खरं आहे, आणि म्हणूनच फसवं आहे. वाढत्या गर्भाशयाच्या दाबाने संध्याकाळी घोट्याजवळ सूज येणं निरोगी गरोदरपणातही सर्रास दिसतं. त्यामुळे निदानाच्या निकषांतून सूज केव्हाच वगळली गेली. पण सूज नाही म्हणून आजार नाही, असंही नसतं. पाय बारीक असूनही बीपी गंभीर असू शकतं.

लक्ष ठेवायचं ते वेगळ्या सुजेवर. बांगड्या एकाएकी रुतू लागणं, अंगठी न निघणं, सकाळी उठल्यावर चेहरा आणि डोळ्यांभोवतीचा भाग फुगलेला दिसणं, चार-आठ दिवसांत वजन झपाट्याने वाढणं. असं काही दिसलं तर पाय उशीवर ठेवून वाट पाहू नये. त्याच दिवशी बीपी मोजून घ्यावं.

गैरसमज ३ : डोकं दुखतंय, मळमळतंय, म्हणजे पित्त झालं असेल.

वस्तुस्थिती : मराठी घरात डोकेदुखी, मळमळ आणि छातीखालची जळजळ या तिन्हींवर तयार असलेलं निदान म्हणजे पित्त. एरवी ते चालून जातं. विसाव्या आठवड्यानंतर मात्र या निदानाइतका धोका दुसऱ्या कुठल्याच समजुतीत नाही, कारण गंभीर प्रीएक्लॅम्पसियाची लक्षणंही नेमकी हीच आहेत.

गोळी घेऊनही न थांबणारी डोकेदुखी मेंदूवरचा ताण दाखवते. डोळ्यांपुढे काजवे चमकणं, अंधुक दिसणं, अर्धंच दिसणं याचाही अर्थ तोच. बरगड्यांखाली, विशेषतः उजव्या बाजूला किंवा छातीच्या मधोमध खाली दुखत असेल, तर ते पोटातलं आम्ल नसून यकृताला आलेली सूज असू शकते. या आजाराचं एक उग्र रूप आहे. त्यात तांबड्या पेशी फुटतात, यकृताची एन्झाइम्स वाढतात आणि प्लेटलेट्स घटतात. अमेरिकन डॉक्टर लुई वाइनस्टाइन यांनी १९८२ मध्ये त्याला ‘हेल्प सिंड्रोम’ असं नाव दिलं. त्यात काही वेळा बीपी फारसं वाढलेलंही नसतं, आणि बाई अँटासिड घेत दोन दिवस काढते.

अशा वेळी कोकम सरबत किंवा आलेपाक द्यायला हरकत नाही, पण त्याआधी बीपी मोजा. बीपी ठीक आलं आणि दुखणं तरी थांबलं नाही, तर रक्त तपासून घ्या. डोकेदुखीची गोळी घेऊन ‘सकाळी बघू’ म्हणत झोपणं टाळा. धाप लागणं, लघवी कमी होणं आणि बाळाची हालचाल मंदावणं हीही त्याच दिवशी दाखवायची लक्षणं.

गैरसमज ४ : लघवीत प्रोटीन नाही, म्हणजे प्रीएक्लॅम्पसिया नाही.

वस्तुस्थिती : पूर्वी निदानासाठी प्रथिनं लागतच. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने ही अट काढली. वाढलेल्या बीपीसोबत प्लेटलेट्स एक लाखाच्या खाली असणं, यकृताची एन्झाइम्स नेहमीच्या दुप्पट होणं, क्रिएटिनिन वाढणं, फुप्फुसांत पाणी साचणं, न थांबणारी डोकेदुखी किंवा दृष्टीचा त्रास यांपैकी एक गोष्टही निदानाला पुरते. म्हणून डॉक्टर लघवीच्या पट्टीवर न थांबता सीबीसी, क्रिएटिनिन, एसजीओटी-एसजीपीटी करायला सांगतात. ती उगाच काढलेली यादी नसते.

बऱ्याच जणींच्या वाट्याला मधला, अनिश्चित टप्पा येतो : बीपी काठावर, लघवीत थोडं काही, बाकी रिपोर्ट ठीक. ‘संशय आहे, पाहू’ असं सांगून घरी पाठवलं, की ‘काही नाहीये’ असा अर्थ घरी काढला जातो. खरा अर्थ असतो, ‘आता पाहण्या जास्त लागतील.’ मोठ्या शहरांतल्या काही प्रयोगशाळांत या टप्प्यावर उपयोगी पडणारी एक रक्तचाचणी होते. वारेतून रक्तात येणाऱ्या दोन प्रथिनांचं, एसफ्लिट-१ आणि पीएलजीएफ यांचं, एकमेकांशी असलेलं प्रमाण ती मोजते. ते ३८ किंवा त्याहून कमी असेल, तर पुढच्या एका आठवड्यात हा आजार उद्भवण्याची शक्यता फारच थोडी. महत्त्वाचं म्हणजे हा दिलासा एका आठवड्यापुरता आहे, नऊ महिन्यांचा नाही.

गैरसमज ५ : टेन्शन घेतलं, नको ते खाल्लं, म्हणून झालं.

वस्तुस्थिती : या आजाराचं मूळ वारेत आहे, आणि ते पहिल्या काही महिन्यांतच पडलेलं असतं. गर्भाशयातल्या नागमोडी रक्तवाहिन्या एरवी रुंद होऊन वारेला भरपूर रक्त पुरवतात. इथे त्या अरुंदच राहतात. चिंचोळ्या पाटाने मोठ्या शेताला पाणी द्यावं, तशी वारेची ओढाताण होते. मग वारेतून काही प्रथिनं आईच्या रक्तात जास्त प्रमाणात उतरतात आणि अंगभरच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतात. तेव्हा बोस्टनमध्ये काम करणारे भारतीय वंशाचे डॉ. एस. अनंत करुमंची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये यांतलं एक प्रथिन गाभण उंदरांना दिलं. त्यांचं बीपी वाढलं आणि लघवीत प्रथिनं आली. टेन्शनचा त्यात काही संबंध नव्हता.

पहिलं बाळंतपण, जुळं, आधीच्या खेपेला हा आजार झालेला असणं, आधीपासूनचा रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, ल्यूपस, जास्त वजन, वाढलेलं वय, दोन बाळंतपणांत दहा वर्षांहून जास्त अंतर, आई किंवा बहिणीला झालेला असणं, यांनी धोका वाढतो. वार ही बाळाच्या पेशींपासून बनते, म्हणजे तिच्यात वडिलांचाही वाटा असतो. ‘तिच्याकडूनच आलं’ असं म्हणणाऱ्या घरांनी हे लक्षात ठेवावं.

चांगली तब्येत हीसुद्धा हमी नव्हे. अमेरिकन धावपटू ॲलिसन फेलिक्स हिच्या नावावर तेव्हा सहा ऑलिम्पिक सुवर्णपदकं होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिला गंभीर प्रीएक्लॅम्पसिया झाला आणि बत्तिसाव्या आठवड्यात तातडीने सिझर करावं लागलं. नेहमीच्या तपासणीला गेली असताना तो लक्षात आला होता. पुढे टोकियो ऑलिम्पिकमध्ये ती पुन्हा धावली आणि सातवं सुवर्ण मिळवलं.

गैरसमज ६ : मीठ तोडा, अळणी जेवा आणि पलंगावरून उतरू नका.

वस्तुस्थिती : दोन्ही सल्ले पिढ्यान्‌पिढ्या दिले गेले, डॉक्टरांनीही दिले. मीठ कमी केल्याने प्रीएक्लॅम्पसिया टळतो असं दिसून आलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटना त्यासाठी मीठ तोडायला सांगत नाही. पापड-लोणच्याचा अतिरेक कुणीच करू नये, पण अळणी भाकरी घशाखाली उतरत नाही म्हणून गरोदर बाईचं जेवणच कमी झालं, तर तो तोटाच. आधीपासून रक्तदाब किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांचं ऐकावं.

दिवसभर पडून राहण्याचंही तसंच. त्याने आजार थांबत नाही. उलट पायातल्या शिरांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. जड कामं, दगदग, जागरणं कमी करणं आणि दुपारी डाव्या कुशीवर आडवं होणं ठीक आहे. पण ‘आराम चालू आहे’ म्हणजे ‘उपचार चालू आहे’ असं समजून तपासणी चुकवणं हे त्या पलंगाइतकंच घातक. क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनीही हा आजार टळत नाही.

गैरसमज ७ : ॲस्पिरिनने रक्त पातळ होतं आणि कॅल्शियमने बाळ फार मोठं होतं. दोन्ही नकोत.

वस्तुस्थिती : प्रतिबंधासाठी भक्कम पुरावा असलेल्या गोष्टी मोजक्याच, आणि त्यांत या दोन आहेत. ज्यांना धोका जास्त, त्यांना डॉक्टर तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून कमी मात्रेची ॲस्पिरिन देतात, शक्यतो सोळाव्या आठवड्याच्या आत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ॲस्प्रे’ चाचणीत जास्त धोका असलेल्या १,७०० हून अधिक स्त्रिया होत्या. रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांत ३७ आठवड्यांआधी बाळंतपण करायला लावणारा प्रीएक्लॅम्पसिया १.६ टक्के जणींना झाला, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ४.३ टक्के जणींना. पण ही गोळी आजार झाल्यावरचा उपाय नाही, आणि शेजारणीला दिली म्हणून स्वतःच्या मनाने घ्यायचीही नाही.

ज्यांच्या आहारात कॅल्शियम कमी असतं, त्यांच्यात कॅल्शियमच्या गोळ्यांनी धोका कमी होतो. सरकारी कार्यक्रमात चौदाव्या आठवड्यापासून ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज देतात. बंगळुरू आणि टांझानियात प्रत्येकी ११ हजार स्त्रियांवर झालेला अभ्यास २०२४ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाला. रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमही प्रीएक्लॅम्पसियाच्या बाबतीत १,५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी पडत नाही, असं त्यात आढळलं. कॅल्शियमची गोळी जेवणानंतर घ्यावी आणि लोहाच्या गोळीपासून दोन तासांचं अंतर ठेवावं. बाळ अवाढव्य होईल ही भीती निराधार आहे.

गैरसमज ८ : बीपीच्या गोळ्या बाळाला बाधतात. बीपी उतरलं की बंद कराव्यात.

वस्तुस्थिती : लॅबेटालॉल, निफेडिपिन आणि मिथाइलडोपा ही औषधं गरोदरपणात वर्षानुवर्षं वापरात आहेत. बाळाला खरा अपाय होतो तो आईचं बीपी अनावर झाल्याने. गोळी घेतली म्हणूनच बीपी उतरलेलं असतं. ती मनाने बंद केली की ते उसळतं. मनाने मात्रा वाढवणंही वाईट, कारण बीपी फार खाली गेलं तर वारेला रक्त कमी पडतं.

मात्र बीपीची प्रत्येक गोळी चालत नाही. घरात सासूबाईंची किंवा सासऱ्यांची बीपीची गोळी असतेच, आणि अडचणीत ती दिली जाते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रॅमिप्रिल यांसारखी औषधं पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडाला इजा करतात. आधीपासून अशी गोळी चालू असेल, तर गरोदर राहण्याचा विचार सुरू होताच डॉक्टरांना सांगून ती बदलून घ्यावी.

आणखी एक गोष्ट. गोळ्यांनी मेंदूतला रक्तस्राव टळतो, पण मूळ आजार जात नाही. म्हणून आकडा १३०/८० दिसू लागला तरी रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी आणि डॉप्लर चालूच राहतात.

गैरसमज ९ : झटके आले म्हणजे बाहेरची बाधा. कांदा हुंगवा, चप्पल नाकाशी धरा.

वस्तुस्थिती : गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला झटके आले, तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत तो एक्लॅम्पसिया समजायचा. तिला एका कुशीवर वळवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. आसपासच्या टोकदार वस्तू बाजूला करा आणि १०८ ला फोन लावा. अंगारा, उतारा, नजर काढणं यांत जाणारा तास पुन्हा मिळत नाही.

यावरचं औषध स्वस्त आणि जुनं आहे : मॅग्नेशियम सल्फेट. आपल्याकडे एकेकाळी मद्रासच्या डॉ. कृष्ण मेनन यांची गुंगीच्या औषधांच्या मिश्रणाची पद्धत रूढ होती. पुढे मोठ्या चाचण्यांनी मॅग्नेशियमचं श्रेष्ठत्व सिद्ध केलं. २००२ च्या ‘मॅगपाय’ चाचणीत ३३ देशांतल्या दहा हजारांहून जास्त स्त्रिया होत्या. मॅग्नेशियमने झटके येण्याचा धोका निम्म्याहून कमी झाला. म्हणजे झटके येऊन गेल्यावर तर ते देतातच, पण गंभीर आजारात ते येऊ नयेत म्हणूनही देतात. पहिला डोस प्राथमिक आरोग्य केंद्रातच देऊन पुढे पाठवता येतं. कंबरेत दिलेलं हे इंजेक्शन दुखतं, अंगभर ऊब पसरल्यासारखं वाटतं. ‘इंजेक्शन नको, आधी मोठ्या दवाखान्यात न्या’ असा हट्ट नातेवाइकांनी धरू नये. वाटेतला प्रवास त्या इंजेक्शनामुळेच सुरक्षित होतो.

गैरसमज १० : सातव्या महिन्यातलं बाळ जगतं, आठव्यातलं जगत नाही.

वस्तुस्थिती : ही समजूत जुनी आणि चिवट आहे. डॉक्टर चौतिसाव्या आठवड्यात बाळंतपण करायचं म्हणतात आणि घरातली वडीलधारी मंडळी ‘नववा लागू द्या’ म्हणून अडून बसतात. प्रत्यक्षात पोटात निरोगी वाढणाऱ्या बाळाच्या बाबतीत प्रत्येक पुढचा आठवडा जगण्याची शक्यता वाढवतो. आठव्या महिन्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा अधिक तयार असतं.

प्रीएक्लॅम्पसियात एक अवघड हिशेब मांडावा लागतो. आजाराचा शेवट वार बाहेर पडल्यावरच सुरू होतो, पण बाळाला आत वेळ हवा असतो. आजार गंभीर नसेल, तर साधारण ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर बाळंतपण करतात. गंभीर असेल तर ३४ आठवड्यांनंतर थांबत नाहीत. त्याआधी असेल आणि आईची प्रकृती स्थिर असेल, तर मोठ्या रुग्णालयात दाखल करून एकेक दिवस पाहिला जातो. बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात. बीपी आवरत नसेल, झटके आले, यकृत किंवा प्लेटलेट्स ढासळल्या, तर आठवडे मोजत बसणं म्हणजे दोघांनाही गमावण्याचा धोका. अशा वेळी ‘किती महिने झाले’ यापेक्षा ‘या दवाखान्यात नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे का’ हा प्रश्न विचारावा.

गैरसमज ११ : प्रीएक्लॅम्पसिया म्हणजे सिझरच.

वस्तुस्थिती : नाही. आई आणि बाळ स्थिर असतील, तर कळा आणून नैसर्गिक बाळंतपण होऊ शकतं, आणि होतं. नेदरलँड्समधल्या २००९ च्या एका मोठ्या अभ्यासात, आजार सौम्य असताना ३६ आठवड्यांनंतर कळा आणलेल्या स्त्रियांमध्ये आईचे गंभीर धोके कमी दिसले आणि सिझरचं प्रमाण वाढलं नाही. बाळाचे ठोके बिघडले, बाळ फार लहान असलं किंवा वेळच नसला, तर सिझर लागतं.

गैरसमज १२ : वार पडली, आता सुटलो.

वस्तुस्थिती : सुटका होते, पण लगेच नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत बीपी बहुधा पुन्हा वर चढतं. नेमकी तेव्हाच बाळंतीण घरी आलेली असते. ज्यांना गरोदरपणात काहीच नव्हतं, अशा काही जणींनाही हा आजार बाळंतपणानंतर पहिल्यांदा होतो, आणि सहा आठवड्यांपर्यंत त्याची शक्यता राहते.

घरात तेव्हा शेक-शेगडी, डिंकाचे-अळिवाचे लाडू, कानाला रुमाल हे सगळं चालू असतं. डोकं दुखलं की ‘वारं लागलं’, ‘बाळंतवात आहे’ असं म्हणून रुमाल आणखी घट्ट बांधला जातो. रुमाल राहू द्या, पण बीपी मोजा. घरी सोडल्यावर तिसऱ्या दिवसाच्या आत एकदा आणि सात ते दहा दिवसांत पुन्हा, हा तपासणीचा किमान क्रम आहे. आशाताई बाळाचं वजन करायला येतील, तेव्हा त्यांना आईच्या बीपीचंही विचारावं. बीपीच्या ठरावीक गोळ्या अंगावर पाजतानाही चालतात. गरोदरपणात नको असलेली एनालाप्रिल आता डॉक्टर देऊ शकतात.

पुढच्या खेपेला हा आजार होतोच असं नाही. साधारण सहा-सातांतल्या एकीला तो पुन्हा होतो. पहिल्या वेळी फार लवकर, चौतीस आठवड्यांच्या आत बाळंतपण करावं लागलं असेल तर शक्यता वाढते. ‘झालं गेलं विसरून जा’ हा सल्लाही ऐकू नये. प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या स्त्रियांना पुढच्या आयुष्यात हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका जवळपास दुप्पट असतो. रक्तदाबाचा आजार जडण्याची शक्यता त्याहूनही जास्त असते. वर्षातून एकदा बीपी आणि साखर तपासणं आणि वजनावर लक्ष ठेवणं आयुष्यभर चालू राहायला हवं. चाळिशीत एखाद्या डॉक्टरांकडे गेल्यावर ‘गरोदरपणात बीपी वाढलं होतं’ हे आपणहून सांगावं. बहुतेक वेळा कुणी विचारत नाही.

निदान झाल्यावरचे दिवस

संशय असो वा निदान, डॉक्टरांनी घरी राहायला सांगितलं असेल, तर घरीच थोडी शिस्त लावून घ्यावी लागते. दंडावर बांधायचं, गरोदर स्त्रियांसाठी योग्य ठरलेलं यंत्र घ्या आणि ते दवाखान्यातल्या यंत्राशी एकदा ताडून पाहा. लघवी करून या, पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पावलं जमिनीवर, दंड छातीच्या पातळीत ठेवा. पट्टा दंडाला बसेल अशा मापाचा हवा. लहान पट्टा आकडा उगाच वाढवून दाखवतो. चहा पिऊन किंवा जिना चढून लगेच मोजू नका. सकाळ-संध्याकाळचे आकडे तारीख-वेळेसह वहीत लिहा. आकडा आवडला नाही म्हणून चार वेळा मोजून सगळ्यांत कमी तेवढा लिहू नका.

माहेरी जायचं असेल, तर आधी एवढं विचारा : तिथून सिझरची सोय, रक्तपेढी आणि नवजात बाळांचा विभाग असलेलं रुग्णालय किती अंतरावर आहे, आणि रात्री गाडी मिळते का. उत्तर समाधानकारक नसेल, तर रीत बाजूला ठेवून सासरच्या किंवा शहरातल्या दवाखान्याजवळ राहणं शहाणपणाचं. जायचंच ठरलं, तर कपड्यांच्या बॅगेआधी फाइल भरा : सगळे रिपोर्ट, सोनोग्राफी, चालू गोळ्यांची नावं आणि मात्रा, बीपीची वही. नवा डॉक्टर पहिल्या भेटीत १३८/८८ पाहील. तुमचं नेहमीचं बीपी १००/६० होतं, हे त्याला त्या वहीतूनच कळेल.

आणि रात्री-अपरात्री फोन करायची वेळ आली, तर ‘तिला बरं वाटत नाहीये’ एवढंच सांगू नका. आठवडा, आकडा, लक्षण या क्रमाने बोला : ‘बत्तिसावा आठवडा, बीपी १६४/११०, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकताहेत.’ एवढं ऐकल्यावर पलीकडचा डॉक्टर ‘उद्या सकाळी या’ म्हणत नाही. म्हणालाच, तर सकाळची वाट न पाहता १०८ लावा आणि निघा.